आपल्याकडच्या बायकांना हे जमतं : सोलापुरातल्या सर्जन आणि रुग्णालयांना खुलं पत्र

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यात बायकांच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करणारे सर्व सर्जन, भूलतज्ज्ञ, वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर आणि रुग्णालयांचे व्यवस्थापक यांना

सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या काकूंचं ऑपरेशन झालं. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग. त्यांचा मुलगा गुजरातेत नोकरीला, सून बाळंत, म्हणून सोबत मी राहिले. आदल्या रात्री आठ वाजता त्यांनी अर्धी भाकरी आणि वरण खाल्लं. बारानंतर पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असं सांगितलं होतं. नंबर सकाळी नऊचा होता. आधीची केस लांबली, त्यात कुणाचाच दोष नव्हता. काकूंना आत नेलं तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. म्हणजे अन्नाविना साडेअठरा तास आणि पाण्याविना साडेचौदा तास. सोलापूरचा मे महिना मी तुम्हाला सांगायला नको.

अकरा वाजता मी सिस्टरकडे गेले. म्हटलं, वेळ लागणारच आहे तर दोन घोट पाणी देऊ का? त्या म्हणाल्या, "ताई, माझ्या हातात नाही ओ. फाईलवर एनबीएम लिहिलंय." म्हणजे तोंडाने काहीच द्यायचं नाही. त्यांना वाईट वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी गॉजचा तुकडा भिजवून दिला.

काकू घरी आल्यावर मी त्या रुग्णालयात रीतसर अर्ज दिला. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण लवकर सावरावा म्हणून जगभर जी कार्यपद्धती वापरतात, ती इथे सुरू करा, एवढीच विनंती होती. एका वरिष्ठांनी मला भेटीची वेळ दिली, शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. पण शेवटी ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही वाचलंय ते बरोबर आहे. पण ते तिकडचं. आपल्याकडच्या बायकांना हे झेपत नाही. आपल्याकडे हे जमत नाही." अर्ज तिथेच संपला.

त्यांचं किंवा रुग्णालयाचं नाव मी लिहीत नाही. हे वाक्य त्यांच्या एकट्याचं नाही. गेल्या सात वर्षांत मी ते वेगवेगळ्या तोंडून ऐकलंय. म्हणूनच हे पत्र सगळ्यांना लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझी आई विड्या वळायची. हजार विड्यांवर मजुरी, पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा, आणि संध्याकाळी कारखान्यात माल द्यायचा. सात वर्षांपूर्वी तिचं पोट फुगायला लागलं. सहा महिने गॅसच्या गोळ्या खाल्ल्यावर कळलं की अंडाशयाचा कर्करोग आहे, तिसरी पायरी. ती तेव्हा सत्तावन्न वर्षांची होती, वजन चव्वेचाळीस किलो.

ऑपरेशन चांगलं झालं. सर्जननी पाच तास उभं राहून जेवढी गाठ काढता येईल तेवढी काढली. त्यांच्या हाताबद्दल माझी काहीही तक्रार नाही, आजही नाही. माझी तक्रार आहे ती त्या पाच तासांच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांबद्दल.

ऑपरेशननंतर आईच्या नाकात नळी होती, पोटातून ड्रेन म्हणजे आत साचलेलं पाणी बाहेर काढणारी नळी, खाली लघवीची पिशवी, दोन्ही हातांना सलाईन. रोज राउंडला एकच प्रश्न यायचा, "गॅस पास झाला का?" नाही म्हटलं की पाणी नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या ओठांवर पापुद्रे धरले होते. मी कापूस भिजवून ओठांवरून फिरवत होते, तर तिने तो कापूस तोंडात धरला आणि चोखायला लागली. मी ओढला तर सोडेना. मला वाढवलेली ही बाई माझ्या हातातला ओला कापूस चोखत होती, आणि मी दाराकडे बघत होते, कुणी रागावेल म्हणून. पाचव्या दिवशी तिला पहिला चहा मिळाला. बाराव्या दिवशी डिस्चार्ज. टाक्यांना पू झाला होता, अशक्तपणा होता, त्यामुळे केमो लांबली.

आई त्यानंतर दोन वर्षं होती. तिचा आजारच वाईट होता, आणि या बारा दिवसांमुळे ती गेली असं मी म्हणणार नाही. पण ते बारा दिवस तसे जायला नको होते, एवढं मला आता कळतं.

कळलं कसं, तेही सांगते. आई गेली त्याच वर्षी माझ्या मावसबहिणीचं पुण्यात अंडाशयाच्याच कर्करोगाचं ऑपरेशन झालं. तिला सकाळी सहा वाजता गाळलेलं लिंबू-साखरेचं पाणी दिलं, दहाला आत नेलं. त्याच संध्याकाळी पाण्याचे घोट, दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीत बसवलं, दुपारी मऊ भात आणि ताक. सहाव्या दिवशी ती घरी. दोन बायका, दोन शहरं, आजाराचा पसाराही वेगळा, तेव्हा ही काही बरोबरीची तुलना नव्हे. पण मी तिथल्या सिस्टरना विचारलं, हे असं कसं? त्या म्हणाल्या, आमच्याकडे ईरास चालतं, म्हणजे ऑपरेशननंतर रुग्ण लवकर सावरावा म्हणून आखलेली कार्यपद्धती. तो शब्द मी पहिल्यांदा तिथे ऐकला.

तुम्हा डॉक्टरांना हे माहीत आहे, पण हे पत्र रुग्णांच्या घरचेही वाचतील, म्हणून थोडक्यात लिहिते. १९९० च्या दशकात डेन्मार्कमधले सर्जन हेन्रिक केलेट यांनी एक साधा प्रश्न धरून काम केलं : ऑपरेशन नीट झालंय, तर मग हा रुग्ण आजही रुग्णालयात का आहे? दुखतंय म्हणून, उलट्या होतात म्हणून, आतडं सुस्त आहे म्हणून, अंगात ताकद नाही म्हणून. मग यातलं एकेक कारण आधीच का टाळू नये? सुरुवात मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनपासून झाली. २००१ मध्ये युरोपातल्या सर्जनांचा गट जमला, २०१० मध्ये त्याची रीतसर संस्था झाली, आणि २०१६ मध्ये बायकांच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आली. ती २०१९ आणि २०२३ मध्ये सुधारली. दरम्यान २०२१ मध्ये ३१ अभ्यासांमधल्या ६,७०० हून जास्त बायकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा रुग्णालयातला मुक्काम सरासरी दीड दिवसाने कमी झालेला दिसला, गुंतागुंत कमी झालेली दिसली, आणि घरी गेलेल्या बायका परत भरती होण्याचं प्रमाण वाढलं नाही, उलट घटलं. "लवकर घालवलं तर परत येतील" ही भीती मी अनेकदा ऐकली आहे, म्हणून हे शेवटचं मुद्दाम लिहिलं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार पाण्याची. भूल दिल्यावर उलटी होऊन पोटातलं फुप्फुसात जाऊ नये म्हणून उपाशी ठेवतात, हे मला समजतं. पण साधं पाणी, बिनदुधाचा चहा, गाळलेला रस पोटातून लवकर पुढे सरकतो. म्हणून भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत ते चालतं आणि सहा तास आधीपर्यंत हलकं खाणं चालतं. ज्यांचं पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, ज्यांना आतड्यात अडथळा आहे, त्यांचं वेगळं. ते भूलतज्ज्ञांनी ठरवावं. पण सरसकट सगळ्यांना रात्री बारापासून कोरडं ठेवणं हे कुठल्या नियमात बसतं? वर ऑपरेशनची लिस्ट लांबली की ती बाई तशीच पडून. लांबलेल्या उपासाने शरीर आणखी ताणात जातं, रक्तातली साखर बिघडते, स्नायू झिजतात. चव्वेचाळीस किलोच्या बाईकडे झिजायला असतं तरी काय?

दुसरी तक्रार आधीच्या दिवसांची. आईचं हिमोग्लोबिन साडेसात आहे, हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कळलं. मग माझा भाऊ रक्तासाठी रात्रभर पळाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. ज्या बाईला महिनोन्‌महिने अंगावरून जातंय तिचं रक्त कमी असणार, हे काय अचानक कळायची गोष्ट आहे? ऑपरेशन ठरलं त्याच दिवशी तपासून शिरेतून लोह देता आलं असतं. आणि आई पहाटे उठल्यावर आधी मिश्री लावायची. "तंबाखू खाता का, मिश्री लावता का?" हे तिला कुणी विचारलंच नाही.

नळ्यांबद्दल. नाकातली नळी सरसकट ठेवल्याने आतडं लवकर चालू होत नाही, छातीत कफ आणि न्यूमोनियाचा धोका मात्र वाढतो. ड्रेन प्रत्येकीला लागत नाही. लघवीची नळी बहुतेकींची चोवीस तासांत काढता येते, जितके दिवस राहील तितकी जंतुसंसर्गाची शक्यता. सलाईन गरजेपेक्षा जास्त गेलं तर आतड्यालाच सूज येते आणि मग ते चालू होत नाही. म्हणजे ज्या "गॅस पास" साठी आम्ही पाच दिवस वाट पाहिली, ती वाट लांबवणाऱ्या गोष्टीच आईच्या अंगाला लावलेल्या होत्या. दुखण्यासाठी दिलेली अफूच्या जातीची इंजेक्शनं, त्यांनीही आतडं मंदावतं. पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणारी औषधं ठरलेल्या वेळी, जोडीला पोटाच्या भिंतीत सुन्न करणारं औषध, असं केलं की ती इंजेक्शनं कमी लागतात. आमच्या वॉर्डात मात्र बाई कळवळली की इंजेक्शन, अशी पद्धत. आपल्या बायका कळवळत नाहीत हो. पदर तोंडात धरतात आणि भिंतीकडे तोंड करतात. दुखतंय का विचारलं तर "थोडंसं" म्हणतात.

आता चालण्याबद्दल, आणि इथे मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण "आपल्याकडच्या बायका उठतच नाहीत" हे मी फार ऐकलंय. दुसऱ्या दिवशी आईला कुणीतरी सांगितलं, "मावशी, चाला जरा." आई उठली नाही. सगळ्यांना वाटलं दुखतंय. रात्री तिने मला कानात सांगितलं, "अगं, मागनं सगळं उघडं हाय." तिला दिलेला गाऊन पाठीमागून दोन नाड्यांचा होता, त्यातली एक तुटलेली. हातात लघवीची पिशवी. आणि बाहेरच्या व्हरांड्यात इतर रुग्णांचे पुरुष नातेवाईक सतरंज्या टाकून बसलेले. अशा अवस्थेत मी तरी चालले असते का? दुसऱ्या दिवशी भावाने घरून चादर आणली, आपली सोलापुरी, निळ्या चौकटीची. ती मी तिच्या कमरेला दोनदा गुंडाळली, पिशवी चादरीच्या आत धरली, आणि आई व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेली. परत येताना म्हणाली, "अजून एक फेरी मारू का?" बाई उठत नव्हती ती लाजेने. झेपण्याचा प्रश्नच नव्हता.

रक्ताच्या गाठीबद्दल आम्हाला कुणी काहीच सांगितलं नाही. कर्करोग आणि पोटाचं मोठं ऑपरेशन हे दोन्ही एकत्र आलं की पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका घरी गेल्यावरही राहतो, म्हणून अशा बायकांना २८ दिवस गुठळी रोखणारं औषध द्यावं असं तत्त्वांमध्ये स्पष्ट आहे. आईची इंजेक्शनं डिस्चार्जबरोबर थांबली. घरी पाय सुजला तर काय समजायचं, हे कागदावर लिहिलेलं नव्हतं. फोन कुठे करायचा, तेही नाही.

आणि भाषा. आपल्या शहरात घराघरांत तेलुगू आहे, अक्कलकोटकडून आणि सीमेपलीकडून कन्नड बोलणाऱ्या बायका येतात, उर्दू आहे. आईच्या शेजारच्या पलंगावरच्या अक्कांना फक्त कन्नड येत होतं. गर्भाशय काढलंय हे त्यांना ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी साफसफाईच्या मावशींकडून कळलं. संमतीच्या कागदावर त्यांचा अंगठा होता.

आता "आपल्याकडे हे जमत नाही" याबद्दल. मी मान्य करते की रात्रपाळीला तीस रुग्णांमागे एक सिस्टर असते तेव्हा प्रत्येकीला धरून चालवणं तिला शक्य नाही. फिजिओथेरपिस्टची जागा रिकामी असते. भूलतज्ज्ञ दोन ऑपरेशन थिएटरांमध्ये (ओटी) धावत असतात. हे सगळं खरं आहे, आणि ते सुधारण्यासाठी तुम्ही सरकारकडे किंवा ट्रस्टींकडे भांडलात तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पण दोन घोट पाण्याला काय खर्च येतो? नाकातली नळी न घालण्याला? दुसऱ्या दिवशी भाताच्या पेजेला? तुटलेल्या नाडीला? यातलं बरंचसं काहीतरी कमी करण्याबद्दल आहे, नवीन यंत्र घेण्याबद्दल नाही. उलट मुक्कामाचा प्रत्येक दिवस दोन मजुऱ्या बुडवतो, रुग्णाची आणि सोबत राहिलेल्याची.

आणि "तिकडचं" म्हणजे कुठलं? बार्शी आपल्याच जिल्ह्यात आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये तिथे सुरू झाली. शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास झाला, त्यात बार्शीच्या रुग्णालयाने काम केलं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्या अभ्यासाने दाखवलं. २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि जगाच्या तपासणीच्या धोरणात त्याचा आधार घेतला गेला. शेतातून, खुरपं ठेवून आलेल्या बायकांनी ते घडवलं. त्याच बायकांच्या लेकी-सुनांना आज कुणीतरी सांगतं की जगाचं शास्त्र तुम्हाला झेपणार नाही. हे मला सहन होत नाही. म्हणून लिहायला बसले.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

फाईलवर नुसतं "एनबीएम" लिहू नका, वेळ लिहा : जेवण किती वाजेपर्यंत, पाणी किती वाजेपर्यंत. लिस्ट लांबली तर ओटीतून वॉर्डला फोन यावा आणि सिस्टरला पाणी देण्याचा अधिकार असावा. ही एक गोष्ट उद्यापासून होऊ शकते.

ऑपरेशन ठरलं त्याच दिवशी हिमोग्लोबिन, साखर, वजन आणि तंबाखूची चौकशी. त्याच आठवड्यात रुग्ण आणि घरच्या एका माणसाबरोबर अर्धा तास बसून, तिच्या भाषेत, काय होणार ते सांगा. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषांत एक छापील पान द्या. वाचता येत नसेल तर मोबाईलवर आवाज पाठवा.

नळी असेल तर ती आज का ठेवली आहे, हे रोज सकाळी फाईलवर लिहा. कारण नसेल तर काढा. आतडं कापून जोडलं असेल, सर्जनना वेगळं वाटत असेल, तर तो निर्णय त्यांचाच, पण तो लिहिलेला असू द्या.

पहिल्या चोवीस तासांत खाणं. वेदनेचं औषध घड्याळाने. मळमळीचं औषध आधीच, कारण पोटाचं ऑपरेशन झालेल्या बायकांना उलट्या जास्त होतात. घट्ट नाड्यांचा, मागून झाकलेला गाऊन. आणि सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बायकांच्या वॉर्डाचा व्हरांडा पुरुष नातेवाइकांविना.

२८ दिवसांचं गुठळीचं औषध सरकारी योजनेच्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतरही मिळावं, यासाठी तुम्ही सगळ्यांनी मिळून शासनाला लिहा. तुमच्या सहीला वजन आहे, माझ्या नाही. घरी गेलेल्या बाईला तीन दिवसांच्या आत वॉर्डमधून एक फोन जावा. करमाळ्याच्या किंवा सांगोल्याच्या वाडीवरची बाई टाका उघडला म्हणून लगेच एसटी पकडून येऊ शकत नाही.

आणि शेवटचं म्हणजे वही. किती तास उपाशी, नळी कधी निघाली, पहिलं अन्न कधी, पहिली फेरी कधी, डिस्चार्ज कधी, परत आली का. सहा रकाने. दर तीन महिन्यांनी सर्जन, भूलतज्ज्ञ आणि सिस्टर एकत्र बसून ती बघा, आणि आकडे वॉर्डाच्या भिंतीवर लावा. आजपासून सहा महिन्यांनी कुठलंही एक रुग्णालय ही वही दाखवायला तयार असेल, तर मी तिथे येऊन बघेन आणि जे चांगलं दिसेल ते याच मोकळेपणाने लिहीन.

आमच्या भागातल्या नऊ जणींशी मी बोलले आहे. चौघी तेलुगू बोलतात, दोघी कन्नड. तिघींचं स्वतःचं कर्करोगाचं ऑपरेशन झालेलं आहे. तुम्ही प्रशिक्षण दिलंत आणि ओळखपत्र दिलंत, तर आठवड्यातून दोन दिवस आळीपाळीने वॉर्डात येऊन बायकांना धरून चालवायची त्यांची तयारी आहे. पैसे नकोत. चादरी आम्ही घेऊन येऊ.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
एका विडी कामगार बाईची लेक,
भवानी पेठ, सोलापूर